पडद्यावरची पट्टी

आमच्या घरात दोन पट्ट्या होत्या. एक स्टीलची, फूटभर लांबीची. नकाशे काढायच्या सरकारी ऑफिसातून हे निवृत्त झाले, तेव्हा शेवटच्या दिवशी खणातल्या चार वस्तूंबरोबर ती घरी आली. दुसरी कॉम्प्युटरच्या पडद्यावरची. स्टीलची अजून आहे. पडद्यावरची मी काढून टाकली, आणि वर खोटं बोलले.

आधी त्या कॉम्प्युटरचं सांगते, नाहीतर पट्टीचं कळायचं नाही. मुलगा कॉलेजात असताना घेतलेला तो. मॉनिटर असा जाड, की टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढावं लागलं. मुलगा नोकरीला बंगळूरला गेला, कॉम्प्युटर इथे कलकत्त्यात आमच्याजवळ राहिला. सुरू व्हायला एवढा वेळ घेतो, की बटण दाबून मी डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावून येते. शेजारच्या बौदी, म्हणजे बंगाली वहिनी, म्हणतात, "आता तरी द्या की हो भंगारात." मी नाही देत. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. जे काही पुढचं शिकले ते या मशीनवर, मुलाच्या पाठीमागे उभी राहून. मराठी टाइप करायला दोन बोटांनी शिकले, मग चार बोटांनी. माझ्या बरोबरीच्या बायका देवळात जायच्या, मी फायली उघडायची.

आमच्या मंडळाचा अंक वर्षातून एकदा निघतो, गणपतीत. आता कलकत्त्यात मराठी माणसं ती किती! काही बदलीवर आलेली, बँकेतली, सरकारी खात्यांतली, तीन वर्षांनी सामान बांधणारी. काही इथेच जन्मलेली, ज्यांची मुलं आजीशी मराठीत दोन वाक्यं बोलून तिसरं बंगालीत संपवतात. ही सगळी मंडळी कागदावर हाताने लिहून पाठवतात. छापखान्यातल्या एकालाही मराठी वाचता येत नाही. आपण जे देऊ ते तसंच छापून येणार. त्यामुळे कागदावरून टाइप मी करायचं आणि ते तपासायचं यांनी, असा आमचा रिवाज. यांचं तपासणं तीसेक वर्षांचं; पूर्वी टाइप मंडळातलं दुसरं कुणी टाइपरायटरवर करायचं, मग हे मशीन आलं. यांच्या हातून अंकात कधी चूक गेली नाही. मंडळात म्हणायचे, काकांनी बघितलं ना, मग सोडा काळजी.

पडद्यावरची पट्टी आली ती जाहिरातींमुळे. मिठाईवाल्याला पाव पान, साडीवाल्याला अर्धं. ते मोजायला हे स्टीलची पट्टी घेऊन मॉनिटरच्या काचेला लावायचे. मुलगा सुट्टीला आला होता. तो हसून लोळला. म्हणाला, "बाबा, काचेवर मोजून काय उपयोग? पडद्यावरचं छोटं-मोठं होतं ना!" आणि त्याने एका सीडीवरून एक चिमुकला प्रोग्रॅम टाकून दिला. पडद्यावर पिवळी पट्टी उमटली, शाळेतल्या लाकडी पट्टीसारखी. वर इंच, खाली सेंटीमीटर. माउसने धरून कुठेही न्यावी, आडवी ठेवावी, उभी करावी. बाणाची कळ दाबली की एकेक केसभर सरकायची.

यांनी पहिलं काय केलं? त्या पडद्यावरच्या पट्टीला स्टीलची पट्टी लावून बघितली.

"इंच मोठा आहे," म्हणाले.

"कुणाचा?" मी विचारलं.

"हिचा. आपला खरा आहे."

मग एक पोस्टकार्ड काचेला धरून, त्याच्या मापाने ती पट्टी जुळवायची सोय त्या प्रोग्रॅमात होती, ती शोधून काढली आणि दुपारभर बसून तिचा इंच खरा केला. तेव्हाच त्यांना चैन पडली. असा हा माणूस.

पुढे कधीतरी ती पट्टी मोजण्यापुरती राहिली नाही. हे मजकूर तपासताना ती आडवी धरायला लागले. हातात लेखकाचा कागद, त्यावर स्टीलची पट्टी. पडद्यावर माझं टाइप केलेलं, त्यावर पिवळी पट्टी. कागदावरची एक ओळ वाचायची, स्टीलची खाली ओढायची. पडद्यावरची ओळ वाचायची, बाण दाबत पिवळी खाली न्यायची. टक टक टक. स्वयंपाकघरात मला तो आवाज यायचा आणि मला वाटायचं, झालं, आता म्हातारपणाची नवी खोड. मोठ्याने म्हणालेही एकदा, "पहिलीतल्या पोरासारखं काय ओळीखाली पट्टी धरून वाचता?" ते हसले. म्हणाले, "बरं वाटतं."

मी तेव्हा एवढंच ऐकलं, की बरं वाटतं.

त्या पट्टीचा एक त्रास होता. ती सगळ्याच्या वर बसायची. काहीही उघडा, ही वर. बंद करायची म्हटलं तर तिच्या कोपऱ्यातली फुली एवढीशी, तीळ जसा. हे बंद करायचेच नाहीत, काम संपलं की तशीच ठेवून उठायचे. मी माझं काही उघडलं की पहिल्यांदा ती माशीसारखी बाजूला सारायची.

गेल्या वर्षी श्रावणात सून येऊन गेली, जाताना पेनड्राइव्हवर नातीच्या नाचाचा व्हिडिओ ठेवून गेली. पोरगी पहिल्यांदा स्टेजवर. मी हौसेने खालच्या दोघी बायकांना बोलावलं, चहा केला, व्हिडिओ लावला. आणि नेमकी त्या पोरीच्या तोंडावर ही पट्टी. मी सारायला जाते तर माउस अडलेला. नाच चाललाय, पाय दिसताहेत, हात दिसताहेत, तोंडाच्या जागी तीन इंच, चार इंच, पाच इंच. बायका हसायला लागल्या. मला इतका राग आला! त्या गेल्यावर मी बसले, आणि तो प्रोग्रॅम नुसता बंद नाही केला, मुळासकट काढून टाकला. कसं काढायचं ते मला येत होतं. तेवढं येतं म्हणून अभिमानही होता. मशीनने विचारलं, नक्की काढायचं का? मी म्हटलं, हो.

दोन दिवसांनी हे तपासायला बसले. मी भाजी निवडत होते.

"अगं, पट्टी कुठे गेली?"

आता इथे मला म्हणता आलं असतं, मी काढली, वैताग आला होता. भांडण झालं असतं, पाच मिनिटांत संपलं असतं. पण नातीच्या नाचापायी पाहुण्यांसमोर चिडलेली बाई आपण, हे कबूल करायला मला कमीपणा वाटला. मी भाजीतून मान वर न करता म्हणाले, "मला काय ठाऊक? मशीन जुनं झालंय, गेली असेल."

मग म्हणाले, "बरं."

त्या वर्षी टक टक ऐकू आली नाही. हे पडद्याच्या फार जवळ जाऊन बसायचे, मान वाकडी करून, पक्षी दाणा बघतो तसे. मी म्हटलं, पाठ दुखेल हो. तर म्हणाले, दुखत नाही.

त्या अंकात बराकपूरच्या मावशींचा लेख होता. मावशी ऐंशीच्या पुढच्या, यजमान लष्करात होते, ते गेल्यावर मुलाजवळ तिथेच राहिलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं होतं, यजमानांच्या आठवणी. आठ पानं, वहीतून फाडलेली, अक्षर थरथरतं पण स्वच्छ. त्यातला एक तुकडा मला आता पाठ झालाय. वहीच्या पानावर तो तीन ओळींत होता:

यांच्या शेवटच्या दुखण्यात माझा मुलगा

रात्रंदिवस उशाशी बसून होता. यांचा धाकटा भाऊ मात्र

एकदाही भेटायला आला नाही. पण माझा त्याच्यावर राग नाही.

टाइप करताना माझी मधली ओळ सुटली. उठले असेन, कुकरची शिट्टी झाली असेल, परत येऊन बसले ती पुढच्या ओळीवर. राहिलेलं वाचून बघा. कुठे अडत नाही, कुठे खटकत नाही. वाक्य सरळ आहे. नुसतं खोटं आहे.

आणि हे अशा चुका पकडायचे त्या दोन पट्ट्यांनी. कागदावरच्या ओळीला पडद्यावरची ओळ लावून. एक पट्टी मी काढून घेतलेली.

अंक निघाला. आठवड्याने मावशींच्या मुलाचा फोन आला. तोही आता साठीचा माणूस, आवाज शांत. "काकू, आईने असं लिहिलेलंच नाही. मी दीड महिना बिनपगारी रजा काढून बाबांजवळ होतो. नागपूरहून आत्याचा फोन आला, म्हणते, अरे, तू बापाला भेटायलासुद्धा गेला नाहीस? आम्हाला वाटायचं तू सगळं केलंस." मग म्हणाला, "मला लोकांचं काही नाही हो. आई रडते. म्हणते, माझ्याच हाताने मी तुला बदनाम केलं. तिला आता खात्री वाटेना, की आपण नक्की काय लिहिलं होतं."

मी मावशींची पानं काढून बघितली. मधली ओळ तिथे होती, रुळासारखी सरळ.

मंडळाची बैठक झाली, एकांच्या घरी. नवे चिटणीस तरुण, बँकेतले, बोलायला चांगले. म्हणाले, "काका, इतकी वर्षं तुम्ही केलंत. आता आराम करा. डोळ्यांना, डोक्याला ताण नको." कुणी काही वावगं बोललं नाही, सगळे गोड बोलत होते, तेच जास्त लागणारं होतं. यांनी हातातल्या लाल बॉलपेनला टोपण घातलं आणि म्हणाले, "चूक माझी आहे."

टायपिंगची चूक माझी, हे तिथे कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी तोंड उघडलं ते सांगायलाच, अशी माझी आजही समजूत आहे. पण बाहेर पडलं भलतंच. मी म्हणाले, "मी केव्हाची सांगतेय, हल्ली लक्षच नसतं हो यांचं. प्रूफ समोर आणि कान क्रिकेटकडे."

सगळे हसले. अवघडलेली बैठक मोकळी झाली. चहा आला. हेसुद्धा हसले थोडे. पेन खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हे बराकपूरला गेले, मावशींची माफी मागायला. मी म्हटलं, मी येते. म्हणाले, नको, अंगणवाडीत सोडायला येतेस का मला? एकटे सियालदाहून लोकल पकडून गेले आणि संध्याकाळी लिंबाच्या लोणच्याची बाटली घेऊन परत आले. मावशींनी दिली होती. उशीर झाला होता, कारण जाताना चुकीच्या गाडीत बसले होते. "पाटी नीट बघितली नाही," म्हणाले. मी त्यावरही काहीतरी बोलले. काय, ते आठवत नाही. आठवत नाही हे बरंच आहे.

त्यानंतर हे कॉम्प्युटरसमोर बसलेच नाहीत. वर्तमानपत्र घ्यायचे, पण पान उलटत नसे. माझ्या लक्षात आलं, मी मनात म्हटलं रुसलेत. थंडी संपत आली तेव्हा चहा कपाबाहेर ओतला, दोनदा. तेव्हा मी हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, एस्प्लनेडजवळ.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बंगालीत विचारत होत्या, हे आपल्या मोडक्या बंगालीत उत्तरं देत होते. त्यांनी चौकटी आखलेलं एक कार्ड पुढे धरलं. म्हणाल्या, एक डोळा झाका, मधल्या ठिपक्याकडे बघा, रेघा कशा दिसतात?

पस्तीस वर्षं सरळ रेघा काढलेला हा माणूस. त्याने कार्ड धरलं, बघितलं, दुसऱ्या डोळ्याने बघितलं. म्हणाले, "मधे खचल्यात. वाळूवर काढल्यासारख्या. आणि ठिपका नाहीच."

"किती दिवसांपासून?"

"दोन-अडीच वर्षं झाली. आधी थोडं होतं. वाचताना ओळ हरवायची, खालची वर यायची."

"मग इतके दिवस वाचत कसे होता?"

"घरी कॉम्प्युटरवर एक पट्टी होती," हे म्हणाले. "ती ओळीखाली धरली की जमत होतं. मग ती गेली."

मी शेजारच्या खुर्चीवर होते. पर्स मांडीवर होती, तिची चेन मी उघडत होते, लावत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे गेलं ते परत येणार नाही, राहिलेलं सांभाळायला इंजेक्शनं घ्यावी लागतील, आणखी आधी यायला हवं होतं. हे मान डोलवत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं की दिसत नव्हतं, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर मी मुलाच्या खणात हात घातला. त्याच्या कॉलेजच्या वह्यांखाली ती सीडी होती, त्याच्याच अक्षरात 'बाबांची पट्टी' लिहिलेली. मशीनमध्ये घातली. दहा मिनिटं लागली. पट्टी परत आली, तशीच पिवळी. एवढंच होतं. श्रावणात केलं असतं तर श्रावणात झालं असतं.

पण ती परत आणून ठेवणं सोपं, सांगणं अवघड. मी तीन आठवडे घेतले. एका दुपारी हे बाल्कनीत मुरमुरे खात बसले होते. मी चहा ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "अहो, ती पट्टी गेली नव्हती. मी काढली होती."

"माहीत आहे," म्हणाले.

"कसं माहीत?"

"मशीन जुनं झालं म्हणून काय एकच वस्तू जाते होय? बाकी सगळं जागेवर. तुझे लाडवाचे फोटो जागेवर."

"मग मला विचारलं का नाही?"

त्यांनी चार मुरमुरे तोंडात टाकले. म्हणाले, "विचारलं होतं की."

मी खाली बसले. मला वाटलं आता रागावतील, आणि रागावले असते तर मला आवडलं असतं. पण ते म्हणाले, परत विचारलं असतं तर कशाला हवी ते सांगावं लागलं असतं. डोळ्यांचं कळलं की तू आणि मंडळ मिळून प्रूफं काढून घ्याल. म्हणून गप्प बसलो. "तुझी एक लबाडी, माझी एक," म्हणाले. "मावशी मधल्या मध्ये चिरडल्या."

मी बराकपूरला गेले. मावशींना सांगितलं, ओळ माझ्याकडून सुटली आणि पट्टीही मीच काढली. मावशींना पट्टीचं काही कळलं नाही. पण मी त्यांची आठही पानं नेली होती. मी त्यांचं बोट धरून त्या मधल्या ओळीवर ठेवलं. चष्मा लावून त्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. मग मुलाला हाक मारली, "अरे, ये इकडे, बघ, मी लिहिलं होतं." तो आतून आला, उभा राहिला. मला म्हणाल्या, "अगं, एवढे महिने थांबायचं होतं का पानं दाखवायला?"

पानं माझ्याच कपाटात होती.

आता यंदाच्या अंकाचं काम सुरू झालंय. मावशींचा लेख पुन्हा छापायचा ठरलाय, पूर्ण. मी चिटणिसांना सगळं फोनवर सांगितलं. ते "असं होतं हो काकू, जाऊ द्या" म्हणाले. मी म्हटलं, जाऊ द्यायचं नाही, लिहून देते, छापा. तेच हे, तुम्ही वाचताय ते. आणि प्रूफ यांनीच बघायचं, ही माझी अट. अक्षरं मी मोठी करून दिली आहेत, एका वेळी पडद्यावर सहाच ओळी मावतात. एका डोळ्याने, पट्टी धरून, हे दिवसाला एक पान बघतात. टक टक पुन्हा येते स्वयंपाकघरात.

काल ती याच लेखातल्या मंडळाच्या बैठकीपाशी थांबली. मी हात पुसत बाहेर आले. पिवळी पट्टी 'लक्षच नसतं हो यांचं' या ओळीखाली होती.

"ही ओळ काढ," म्हणाले.

"का?"

"लोक तुला काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी म्हणाले होते ना चारचौघांत? मग चारचौघांतच छापून येऊ दे."

"मग खाली लिही, यांना काही वाटलं नाही म्हणून."

"वाटलं नव्हतं?"

पडद्याकडे बघत राहिले, मान वाकडी करून.

"मग मी ते लिहिणार नाही," मी म्हटलं.

"मग मी पुढे तपासणार नाही."

आज सकाळी बघितलं, पट्टी अजून त्याच ओळीखाली आहे. मी मशीन बंद केलेलं नाही.